काटेसावरीचा गोल शिक्का

भिसेगावच्या देवव्रत चौबळ सरांना निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात जो झटका आला, त्याला कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. झालं असं की, त्यांची मुलगी तनया इंग्लंडात असते, आणि माघातल्या एका रविवारी तिने फोनवर सांगितलं, की ती आणि तिचा नवरा हल्ली दर सुट्टीला रानात जाऊन डबे शोधतात.

"डबे?" पद्मजाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अगं, त्यांची नोकरी गेली का? सांगायचंस ना!"

नोकरी शाबूत होती. हा तिकडचा छंद होता. लेटरबॉक्सिंग म्हणतात त्याला. कुणीतरी रानात एक डबा लपवतं. डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. डब्यापर्यंत पोचायच्या खुणा कोड्यात लिहून लोकांना कळवायच्या. लोक कोडी सोडवत चालत जातात, डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उठवतात, डब्यातल्या वहीत आपलं नाव लिहितात, डबा जागच्या जागी ठेवतात आणि घरी येतात.

"डब्यात खायला काय असतं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"मग शोधायचा कशाला?"

तनयाने विषय तिकडच्या थंडीवर नेला. पण सरांच्या डोळ्यांत चमक आली होती. एकतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. सह्याद्रीच्या रांगा फळ्यावर डोळे मिटून काढायचे. प्रत्यक्ष सह्याद्री घराच्या गच्चीतून दिसायचा, पण त्याच्यावर चढायची वेळ कधी आली नव्हती, कारण तो परीक्षेला नकाशातच यायचा. आता त्यांनी ठरवलं, की या तालुक्यातला पहिला डबा आपणच लपवायचा.

बातमी शेजारी सुनीलकडे पोचायला तेवढाच वेळ लागला, जेवढा दूध उतू जायला लागतो. सुनीलचा प्लॉटिंगचा धंदा. कळंबच्या बाजूला कुठलाही डोंगर दिसला, की त्याला त्यावर "सी-टाइप बंगलो" दिसायला लागतात. तो कुंपणावरून म्हणाला, "सर, पोस्टाची परवानगी घेतलीत का? लेटरबॉक्स म्हटलं की पोस्ट आलं."

"याचा पोस्टाशी काही संबंध नाही, सुनील."

"तेच तर. संबंध नसताना करणं, हाच गुन्हा असतो. आणि डबा लपवायचाच तर माझ्या साइटवर लपवा. लोक शोधायला येतील, प्लॉटही बघतील. खुणा मी देतो. 'गेटातून आत या' एवढीच खूण पुरे."

सरांनी नम्रपणे नकार दिला. पण खरी अडचण डब्याची नव्हती. डबा पद्मजाबाईंचा होताच, कुरडयांचा, रबर लावलेल्या झाकणाचा, आणि तो त्या झोपल्या असताना दुपारी हलवण्यात आला. अडचण होती शिक्क्याची.

सरांनी चित्र स्वतः काढलं होतं. मधोमध काटेसावरीचं फूल, पाच पाकळ्या, आणि भोवती गोलाकार अक्षरं: वनभ्रमण मंडळ, भिसेगाव. मंडळ वगैरे काही नव्हतं. सकाळी फिरायला जाणारी पाच माणसं होती, त्यांतल्या दोघांचे गुडघे गेलेले. पण गोलात नुसतं "भिसेगाव" भरेना, म्हणून मंडळ घातलं.

कर्जतच्या बाजारातल्या शिक्केवाल्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "गोल शिक्का संस्थेलाच मिळतो. लेटरहेडवर अर्ज आणा."

"अहो, हा खेळातला शिक्का आहे."

"खेळायला चौकोनी घ्या. गोल म्हणजे जबाबदारी असते."

लेटरहेड छापणारा शेजारीच होता. तो म्हणाला, "छापतो की. संस्थेच्या शिक्क्याचा नमुना द्या." सर दोन्ही दुकानांच्या मधल्या पायरीवर पाच मिनिटं उभे राहिले. त्यांना एकतीस वर्षांत पहिल्यांदाच असं वाटलं, की पृथ्वी गोल आहे हे आपण मुलांना जरा फारच हसत शिकवलं.

शेवटी कुणीतरी खोपोलीचा पत्ता दिला. तिथला शिक्केवाला एक अक्षर विचारणारा नव्हता. साजगावच्या कारखान्यांचे "माल तपासला" असे शिक्के तो डझनाने करायचा. त्याने दोन तासांत शिक्का हातात ठेवला आणि वर म्हणाला, "फुलाखाली जागा रिकामी दिसत होती, बरं दिसेना. म्हणून 'अध्यक्ष' घातलं. आणि कडेला थोडी जागा उरली, तिथे 'कार्यक्षेत्र कर्जत-खालापूर'. आपल्याकडून भेट."

सरांनी कागदावर उठवून पाहिला. काटेसावरीच्या फुलाच्या पाकळ्या शाईत एकमेकींना चिकटल्या होत्या आणि एकूण प्रकार कुठल्यातरी महामंडळासारखा दिसत होता. सर नको म्हणणार होते. पण "अध्यक्ष" हा शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचला, आणि ते नको म्हणाले नाहीत. माणूस मुख्याध्यापक न होता निवृत्त झाला की अशा ठिकाणी पाय घसरतो.

फाल्गुन लागला. कळंबच्या पुढे सहा आसनी रिक्षा सोडली, की आवळ्याची वाडी नावाच्या वस्तीपर्यंत तासाभराची चढण आहे. करवंदीच्या जाळ्या फुलांनी पांढऱ्या झाल्या होत्या, पळस पेटला होता, आणि सर प्रत्येक वळणावर "वा!" म्हणायच्या निमित्ताने थांबत होते. वाडीच्या थोडं अलीकडे एक जुनी काटेसावर होती, अंगभर काटे, फांदीवर पान नाही, नुसती लाल फुलं. तिच्या मुळांच्या बेचक्यात त्यांनी डबा सरकवला आणि वर दगड ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय पुरताय?"

वनरक्षक नवशा काठी टेकवून उभा होता. सरांनी त्याला सगळं समजावलं. शिक्का, वही, इंग्लंड. नवशाने शांतपणे ऐकलं. "रानातनं काय नेलं तर कलम हाय. रानात काय आणून ठेवलं तर कुठलं कलम, मलाबी ठाव नाय. इचारून सांगतो." तो विचारायला गेला तो अजून विचारतोच आहे.

मग आला शोधमोहिमेचा रविवार. सरांनी खुणा ओवीबद्ध लिहून फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. "जिथे सावित्री नेसे लाल, कंटकांची लेवुनी माळ, पूर्व-ईशान्येसी पाऊल, सत्तर टाकी" वगैरे. पाचही जण उत्साहाने निघाले. पहिल्याच ओळीवर वाद झाला; सावित्री म्हणजे काटेसावर, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सावित्री म्हणजे महाडची नदी, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याची मेहुणी सावित्री कळंबला राहायची, त्याने तिला फोन लावला. वाजले अकरा. ऊन चढलं. मंडळी एका रिसॉर्टच्या कमानीखाली सावलीला थांबली, आत तांदळाच्या भाकऱ्या आणि मडक्यात भाजलेली पोपटी असल्याचं कळलं, आणि संध्याकाळी ग्रुपवर पाच तृप्त चेहऱ्यांचा फोटो आला. खाली मजकूर होता: "अप्रतिम उपक्रम! सरांचे आभार. डबा पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. सर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. पद्मजाबाई मात्र बोलत होत्या, कारण त्यांना कुरडयांचा डबा सापडत नव्हता.

होळी झाली आणि डबा परत आणावा, झालं तेवढं पुरे, असा विचार करून सर पुन्हा वर गेले. दगड बाजूला केला. डबा होता. पण त्याला कुणीतरी स्वच्छ फडक्यात बांधलं होतं. सरांनी वही उघडली. वही भरत आली होती! तारखा, नावं, सह्या, अंगठे, आणि प्रत्येक ओळीपुढे काटेसावरीचं गोल फूल. जे भिसेगावच्या पाच सुशिक्षितांना जमलं नाही, ते वाडीच्या साध्या माणसांनी करून दाखवलं होतं. सरांच्या मनात तनयाला पाठवायच्या फोटोची जुळवाजुळव सुरू झाली. "छंदाला शिक्षणाची अट नसते," असं एक वाक्यही सुचलं.

मग त्यांनी "अभिप्राय" हा रकाना वाचला.

"हिरीचा गाळ." "रेशन कार्ड, नाव वाडवणे." "म्हातारीची पेन्शन." "हिरीचा गाळ (दुसऱ्यांदा)." "शाळेचा दाखला, आडनाव चुकलंय."

"वाचून झालं का, मास्तर?" समोर साठीची बाई उभी होती, डोक्यावर लाकडाची मोळी. ही अंबाबाई. वाडीत शब्द चालतो तो तिचा. "शिक्का तुमचाच नव्हं? नवशा बोलला, भिसेगावचा मास्तर ठेवून गेला. लय उपकार झालं बघा."

"अहो, पण हा शिक्का... तुम्ही कशावर मारलात?"

"अर्जावर! आमची हीर गाळानी भरलीया. तीन वरसं अर्ज देतोय, दर टायमाला माघारी. का, तर शिक्का नाय. ग्रामसेवक येतो तवा शिक्का कपाटात, कपाट उघडलं तर शाई सुकल्याली. सून माजी, श्रद्धा, बारावी शिकलीया. ती बोलली, आत्या, ह्यो गोल हाय, ह्याच्यावर अध्यक्ष लिवलंय, कर्जत-खालापूर लिवलंय. आनखी काय पायजे? मारला. चार दिसांत मंजूर! परवा यंत्र येऊन निम्मा गाळ काडून गेलं."

सर मटकन मुळावर बसले. काट्यामुळे लगेच उठले. "अंबाबाई, हा शिक्का खोटा आहे."

"खोटा कसा? उठतोय की चांगला."

"म्हणजे त्याला काही अर्थ नाही. तो खेळातला आहे. मी तो घेऊन जातो."

"आत्ता नाय जमायचं," अंबाबाई मोळी सावरत म्हणाली. "दोन अर्ज राह्यलेत. सोमवारी या."

एकतीस वर्षं वर्गात दरारा ठेवलेला माणूस "बरं" म्हणून खाली उतरला.

सोमवार उजाडायच्या आत नोटीस आली. तालुक्याच्या गावी एक कचेरी आहे. तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पाटीवरचं नाव तिथल्याच लोकांना वाचता येत नाही. नोटिशीत लिहिलं होतं, की आपल्या मंडळाने केलेल्या शिफारशींच्या अनुषंगाने, आपल्या मंडळाची नोंद या कार्यालयात आढळून येत नसल्याने, आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सरांनी पहिल्यांदा व्याकरण तपासलं आणि मग घाबरले.

"हात वर करा," सुनीलने कुंपणावरून सल्ला दिला. "शिक्का चोरीला गेला म्हणा." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण सर, त्याआधी माझ्या एका लेआउटवर तेवढा उठवून द्या ना. इतका जोरदार शिक्का मी उभ्या धंद्यात पाहिला नाही."

सरांनी रागाने खिडकी लावली. पद्मजाबाईंनी ती उघडली, कारण त्यांना हवा हवी होती. त्या म्हणाल्या, "अहो, पण माझा डबा आता पुरावा म्हणून जप्त होईल का?"

सरांनी चार पानी खुलासा लिहिला. लेटरबॉक्सिंगचा इतिहास, त्याचे आरोग्यास फायदे, आणि शेवटी ठळक अक्षरांत: सदर शिक्का हा कोणत्याही अधिकाराचा नसून केवळ मनोरंजनार्थ आहे. कचेरीतल्या कारकुनाने चारही पानं उलटली आणि परत केली.

"शिक्का नाही."

"शिक्क्याला अधिकार नाही, हेच तर लिहिलंय!"

"ते बरोबर आहे. पण ते कोण म्हणतंय? मंडळ म्हणतंय. मग मंडळाचा शिक्का नको?"

म्हणून भर उन्हात सर तिसऱ्यांदा वाडीवर चढले. आता डबा काटेसावरीखाली नव्हता. अंबाबाईने तो घरात नेऊन फळीवर ठेवला होता, कारण "रानात वानरं लय." सरांनी शिक्का मागितला. तिने वही पुढे केली. "नाव लिवा. काम काय ते बी लिवा. आमी सगळ्यांनी लिवलंय."

स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शिक्क्यासाठी सरांनी नाव लिहिलं, आणि अभिप्रायाच्या रकान्यात "खुलासा" असं लिहिलं. शिक्का तरीही त्यांच्या हातात आला नाही. अंबाबाईने तो कनवटीला खोचला. "मी येते संगं. तुमी इसराळू दिसता."

सुनावणीला बसल्या होत्या त्या मॅडम तरुण होत्या आणि त्यांच्यापुढे फाइलींचा असा ढीग होता, की नुसते डोळे दिसत होते. त्यांनी खुलासा वाचला. खरोखर वाचला, चारही पानं. मग चष्मा काढला.

"चौबळ सर, तुमचं म्हणणं, शिक्का खोटा."

"खोटा नाही, निरर्थक."

"आमच्याकडे तो एकच प्रकार आहे. शिक्का निरर्थक, तर शिफारस रद्द. शिफारस रद्द, तर मंजुरी रद्द. मंजुरी रद्द, तर विहिरीतून काढलेला गाळ अनधिकृत उत्खनन ठरतो." त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. "अनधिकृत उत्खननात पूर्वस्थिती करून द्यावी लागते."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"गाळ परत विहिरीत टाकावा लागेल."

कारकुनाने मान डोलावली. नियम त्यालाही आवडलेला दिसला.

अंबाबाई तोवर दाराशी उभी होती. ती पुढे आली. "टाकतो की, बाई. यंत्र नाय लागायचं, आमी बायाच टाकू पाट्यांनी. पर ज्यानी ही फाइल पुढं सारली त्याला पयला खाली हिरीत उतरवा. त्याच्या डोक्यावर टाकतो." कारकुनाची मान डोलायची थांबली. मग अंबाबाई सरांकडे वळली, आणि तिचा आवाज खाली आला. "मास्तर, चैत लागला. हांडा घेऊन दोन मैल खाली जातो आमी. तुमचा ख्योळ झाला आसंल. आमचं पानी हाय."

चौबळ सरांनी आयुष्यात एकाही मुलाला एक मार्क फुकट दिला नव्हता. एका आमदाराच्या भाच्याला त्यांनी नकाशात हिमालय दक्षिणेला दाखवल्याबद्दल नापास केलं होतं आणि त्यापायी मुख्याध्यापकपद घालवलं होतं. त्यांना त्याचा अभिमान होता; रोज सकाळी आरशापुढे दाढी करताना ते तो तपासून पाहायचे. आता त्यांनी टेबलावरचा चार पानी खुलासा पाहिला. उत्तम लिहिला होता. एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्याच्या जोरावर वाडीतल्या बायकांना विहीर पुन्हा चिखलाने भरावी लागणार होती.

त्यांनी खुलासा उचलला, दुमडला आणि खिशात घातला.

"मॅडम, मंडळ आहे," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

"नोंदणी?"

"प्रक्रियेत आहे."

कचेरीत हा शब्द म्हणजे अत्तराचा फाया. कारकुनाचा चेहरा सैल झाला. मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी हललं; हसू असेलही, ढिगामुळे दिसलं नाही.

"अध्यक्ष कोण?"

"मी."

"कार्यक्षेत्र?"

सरांनी अंबाबाईकडे हात केला. तिने कनवटीचा शिक्का काढला, तोंडाने त्यावर हा करून वाफ दिली, आणि कोऱ्या कागदावर असा काही दाबला, की टेबलावरचा पेपरवेट उडाला.

"ठीक आहे," मॅडम लिहू लागल्या. "उरलेला गाळ काढून घ्या. नोंदणी तीन महिन्यांत दाखल करा. शिफारस करणारी संस्था म्हणून पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्याला अध्यक्षांनी स्वतः जागेवर जाऊन पाण्याची पातळी आणि गुणवत्ता पाहायची, आणि अहवाल द्यायचा. स्वतः, बरं का. प्रतिनिधी चालणार नाही." मग त्यांनी पहिल्यांदा ढिगावरून मान वर काढली. "चालायची हौस आहेच तुम्हाला. चार पानं लिहिलीत त्यावर."

मंडळाच्या नोंदणीला सात सभासद लागतात. फिरणाऱ्या पाच जणांनी "अप्रतिम उपक्रम!" असं पुन्हा लिहिलं आणि सही करायला कुणी आलं नाही. शेवटी सरांखेरीज सभासद झाले ते अंबाबाई, श्रद्धा, तिच्या दोन जावा, नवशा, आणि "घरचा डबा गेलाच आहे, आता मीही जाते" म्हणत पद्मजाबाई. सुनील उपाध्यक्ष व्हायला तयार होता. त्याला सर्वानुमते वगळण्यात आलं. मंडळाचा तो पहिला ठराव.

चैत्राच्या अखेरीस, सकाळी साडेअकराच्या उन्हात, चौबळ सर पहिल्या पाहणीला वाडीवर पोचले तेव्हा त्यांच्या टोपीतून घाम गळत होता आणि एका बुटाचा तळ सुटला होता. विहिरीच्या काठावर बायांची गर्दी होती. सरांनी मोजपट्टीची दोरी आत सोडली. वीतभर कमी दोन पुरुष पाणी. त्यांनी आकडा लिहिला, पुन्हा मोजलं, पुन्हा तोच आला. त्यांनी पुसून काढून तोच आकडा जरा मोठ्या अक्षरात लिहिला.

"आता चव बगा," अंबाबाईने पितळी तांब्या पुढे केला. "गुनवत्ता का काय ते."

सगळ्या बाया पुढे सरकल्या. लहान पोरींनीही खेळ थांबवला. सरांनी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, मातीचा वास होता, आणि दाताखाली बारीक रेती करकरली. त्यांनी डोळे मिटले, तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि पालथ्या हाताने मिशा पुसल्या.

"कसं हाय, मास्तर?"

"गोड आहे," अध्यक्ष म्हणाले.

बायांनी एकदम गलका केला, कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळ्यांना पदर लावला, आणि पहिला हांडा धपकन पाण्यात पडला. सरांनी वही उघडून लिहिलं: पाणी पिण्यास उत्तम. अध्यक्ष म्हणून त्यांनी दिलेला तो पहिला दाखला होता, आणि तो सपशेल खोटा होता.